मनगटावरचा शहाणा

रविवार

टक्. टक्. टक्-टक्.

आज पहाटे अर्धवट झोपेत पुन्हा तोच आवाज ऐकला. गुरुजींची लाकडी पट्टी टेबलाच्या कडेवर पडायची तो आवाज. पट्टी चालू झाली की सगळा वर्ग कवितेत शिरायचा आणि पट्टी थांबली की खिडकीतली चिमणीसुद्धा गप्प बसायची. 'नावाडी' ही कविता आम्ही त्या पट्टीवर घोकली. आजही डोळे मिटले की ओळी आपोआप चालू लागतात:

*निळ्या जळावर हलके हलके*
*नाव निघाली पैलतिराला...*

पुढे गोदीत पाणबुड्या म्हणून लागलो तेव्हा हीच कविता कामाला आली. खोल पाण्यातून वर येताना तडक वर यायचं नसतं. पृष्ठभागाच्या थोडं अलीकडे, दोरी धरून थांबायचं असतं, म्हणजे अंगात मुरलेली हवा गुपचूप निघून जाते. आमच्या काळी गोदीतली घड्याळं पाण्यात उतरली की जीव सोडायची. मी तो थांबा कवितेवर मोजला. गुरुजींच्या ठेक्यात मनातल्या मनात एकदा म्हणायची. काम खोल असेल तर दोनदा. मुकादमाने एकदा वरून घड्याळ लावून पाहिलं आणि म्हणाला, "तुझ्या पोटात लंबक आहे की काय रे?"

आयुष्यभरात मला एकदाही 'कळ' आली नाही. न थांबता वर येणाऱ्यांना सांध्यात जी कळ धरते, तिला आम्ही नुसतंच 'कळ' म्हणायचो. ज्यांना आली ते आळशी होते, नाहीतर त्यांना कविता येत नव्हती.

आता त्याच समुद्रावर माझी लेक आणि जावईबापू डायव्हिंगची शाळा चालवतात. शाळा म्हणजे काय, सुट्टीवर आलेल्या लोकांना पाण्याखाली नेऊन मासे दाखवायचे आणि माशांना ते लोक दाखवायचे. मासे जास्त शहाणे दिसतात.

सोमवार

आज घरात गंभीर सभा भरली. पुढच्या आठवड्यात हंगाम सुरू होतो आणि शाळेची बोट जिथे बांधतात त्या तळावरच्या साखळीचा जोड गंजला आहे. खाली सिमेंटचा ठोकळा, त्याला साखळी, आणि दोघांना जोडणारी लोखंडी कडी. ती बदलायची. या कडीला हे लोक 'शॅकल' म्हणतात. आम्हीही शॅकलच म्हणायचो, पण आम्ही ती बदलायचो, सभा भरवत नव्हतो.

जावईबापूंचा कान सुजला आहे. पाण्यात उतरणं बंद. जिना चढला तरी कानात ठणका मारतो म्हणतात. बाहेरचा माणूस मिळेना.

मी म्हटलं, "मी आहे की."

लेक म्हणाली, "बाबा, नको."

"का? पाणी बदललंय का?"

जावईबापू हसले. त्यांचं हसणं मला आवडत नाही. परीक्षेत पास झालेल्या मुलासारखं हसतात. म्हणाले, "डॉक्टरांनी तपासून हो म्हटलं तर चालेल. पण मनगटावर डुबकीचा कॉम्प्युटर घालायचा, आणि तो सांगेल ते ऐकायचं."

डॉक्टरांनी हो म्हटलं. छाती, कान, रक्तदाब सगळं तपासलं आणि म्हणाले, "या वयाला नवल आहे." मला नवल वाटलं नाही. नंतर आठवलं, सकाळी गॅस चालू ठेवून मी फिरायला गेलो होतो. ते डॉक्टरांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मंगळवार

आज शहाण्याशी ओळख झाली.

दिसायला जाडजूड घड्याळ. पट्टा इतका लांब की पोशाखावरूनही मनगटाला दोन वेढे बसावेत. जावईबापूंनी मला टेबलापाशी बसवलं, जसं आम्हाला गुरुजी बसवायचे, फक्त हातात पट्टीऐवजी प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद.

"बाबा, हा तुमचा. तुमचा म्हणजे फक्त तुमचाच. तुमचा तुमच्या लेकीच्या हातात नाही आणि तिचा तुमच्या हातात नाही."

"का? एका घरात दोन चुली?"

"ती दोरीपाशी वर असणार, तुम्ही तळाशी. दोघांच्या अंगात हवा वेगवेगळी मुरणार. तिचा कॉम्प्युटर तुमच्या रक्ताचा हिशोब करू शकत नाही."

मग सोडावॉटरच्या बाटलीची गोष्ट. झाकण हळू उघडलं तर ठीक, झटकन उघडलं तर फेस. अर्धं पुस्तक वाचलेला प्रत्येक माणूस मला ही बाटलीची गोष्ट सांगतो. मी बाटलीत राहून आलोय!

"वर येताना वेग जास्त झाला तर हा ओरडेल. ओरडला की लगेच वेग कमी करायचा. पाच मीटरवर थांबा दाखवेल, आकडे शून्यावर येईपर्यंत थांबायचं. सकाळची डुबकी तो विसरत नाही, त्यामुळे दुपारी तळाशी वेळ कमी देईल. वाद घालायचा नाही. मध्येच बंद पडला तर डुबकी संपली, हळूहळू वर. आणि वयामुळे मी तो सर्वांत सावध सेटिंगवर ठेवलाय."

"म्हणजे घाबरट."

"सावध."

"आणि याला माझ्या रक्ताचं काय कळतं?"

यावर ते जे बोलले त्याने माझा उरलासुरला आदर गेला. म्हणाले, "काहीच नाही. तो फक्त खोली आणि वेळ मोजून गणित करतो. तुम्ही थकलात, पाणी कमी प्यायलात, म्हातारे झालात, त्याला माहीत नाही. म्हणून त्याने दिलेल्या आकड्याच्याही अलीकडेच थांबायचं."

म्हणजे जे यंत्र काही जाणत नाही त्याचं ऐकायचं, आणि वर त्याच्यापेक्षाही जास्त भ्यायचं. आमचे गुरुजी असते तर या उत्तराला शून्य मार्क देऊन कान धरला असता. सुजलेला.

बुधवार

लंबूचा फोन. शाळेत शेवटच्या बाकावर माझ्याशेजारी बसणारा लंबू. आता वर डोंगरात, घाटाच्या पलीकडच्या गावात घर बांधून राहतो. शुक्रवारी वर्गातले जे कोणी उरलेत ते त्याच्याकडे जमणार आहेत.

"येतोस ना? का समुद्रात बुडालास?"

"येतो रे. सकाळच्या बसने."

"कविता म्हणायच्यात. पाठ आहेत का अजून?"

मला हसू आलं. हे मला हा विचारतोय! वर्गात ज्याला दुसरी ओळ येत नव्हती तो. मी म्हटलं, "तू ठेका धर, बाकीचं माझ्यावर सोड."

काम उद्याच संपवायचं. शुक्रवार मोकळा हवा.

गुरुवार, दुपार

सकाळची डुबकी झाली.

पाण्यात शिरलो आणि किती वर्षांनी कानातला तो गच्च शांतपणा ऐकला. वरचं सगळं जग दार लावून बाहेर ठेवल्यासारखं. खाली खाली उतरत गेलो तसा उजेड हिरवा, मग करडा. तळावर ठोकळा, त्यावर गंजाची साय. हाताला काम आठवलं. डोक्याला वेळ लागतो, हाताला लागत नाही. जुनी शॅकल कापून काढली.

मग मनगटावर बीप. कशाबद्दल तर 'वेळ संपत आला'. मी जन्मात इतका वेळ तळाशी घालवलाय की याच्या कारखान्यालाही माहीत नसेल. तरी वर निघालो, कारण वर दोरीपाशी लेक होती, आणि तिचे डोळे मुखवट्याआडूनसुद्धा आईसारखेच आहेत.

येताना दोनदा ओरडला. माझे बुडबुडे माझ्याआधी वर जात होते म्हणजे माझा वेग बरोबर होता. हा जुना नियम. जावईबापू म्हणतात तो नियम आता मागे पडला, बुडबुड्यांच्या निम्म्या वेगाने यायचं. उद्या म्हणतील गोगलगायीला पुढे जाऊ द्या.

पाच मीटरवर बोटीखाली एक आडवी दांडी टांगलेली असते, ती धरून थांबलो. डोळे मिटून कविता म्हटली. संपली. डोळे उघडले तर शहाण्याचे आकडे अजून बाकी. पुन्हा म्हणायला घेतली तर पहिल्या कडव्यात लेकीने दंड पकडला. तिला वाटलं मी वर निघालोय. शेवटी यंत्र शून्यावर आलं तेव्हाच तिने सोडलं.

वर आल्यावर मी म्हटलं, "तुमचा शहाणा मागे चालतोय. माझी कविता केव्हाच संपली होती."

लेक पोशाख सोडवत म्हणाली, "बाबा, लहानपणी मला झोपवताना तुम्ही हीच म्हणायचात ना? केवढी लांब वाटायची."

"लहानपणी सगळंच लांब वाटतं," मी म्हटलं.

गुरुवार, संध्याकाळ

हे इथे लिहितो, कारण कुठेतरी खरं लिहायला हवं आणि ही वही कोणी वाचत नाही.

दुपारी पुन्हा उतरलो. नवी शॅकल बसवायची आणि तिची पिन घट्ट आवळून वर तार पिळायची, म्हणजे लाटांनी पिन उलट फिरून सुटत नाही. एवढंच काम. पण शहाण्याने सकाळचा राग धरला होता. तळावर पोचतो न पोचतो तोच म्हणतो निघा. सासूसुद्धा जेवायला वाढल्यावर इतक्या लवकर उठवत नाही. पिन अर्धी आवळली, तार राहिली.

वर दांडीपाशी आलो. लेकीने पाण्याखालच्या पाटीवर लिहून दाखवलं, बाकीचं शनिवारी मी करते. तिला थंडी भरली होती, ओठ निळे. तिचा थांबा संपला होता, माझा बाकी. मी खूण केली, तू जा, मी आहे इथेच. ती माझ्याकडे बघत राहिली, मग वर गेली.

मी दांडीला लटकून खाली बघत होतो. खाली माझी अर्धी आवळलेली पिन. आयुष्यात मी पिन अर्धी सोडून आलो नव्हतो. परवा ती माझी लेक आवळणार? मी जिवंत असताना?

शहाण्याचा पट्टा सोडला आणि त्याला दांडीला बांधलं. म्हटलं, तुला थांबायची एवढी हौस आहे ना, थांब. मी खाली गेलो.

पिन आवळली. तार घातली आणि माझ्या पद्धतीने पीळ दिला. मी डावखुरा, माझा पीळ उलटा पडतो. गोदीत लांबून ओळखायचे, हे काम कोणाचं ते. वर आलो, हवा कमी उरली होती, एकदाच कविता म्हटली. दम जरा लागला होता, त्यामुळे ठेका थोडा जलद झाला असेल. शहाणा दांडीवर आज्ञाधारकपणे लटकत होता, आकडे शून्य, एकदम समाधानी. मनगटावर घातला आणि वर आलो.

बोटीवर लेकीने पाहिलं. "बाबा! पूर्ण थांबलात!" तिच्या डोळ्यांत चक्क पाणी. जावईबापूंनी माझी पाठ थोपटली. माझी पाठ! मी गप्प राहिलो. शहाण्याची एवढी अब्रू राखली, त्याने माझी राखायला काय हरकत आहे.

शहाण्याच्या पडद्यावर आता विमानाचं छोटं चित्र आहे आणि शेजारी तास. जावईबापू म्हणाले, "हे चित्र जाईपर्यंत विमान नाही आणि घाट नाही. उंचावर हवा विरळ असते, बाटलीचं झाकण पुन्हा उघडल्यासारखं. शनिवारपर्यंत थांबा, कानाची सूज उतरली की मी स्वतः सोडेन तुम्हाला लंबूकाकांकडे."

चित्रात विमान आहे. बस असती तर वेगळी गोष्ट.

शुक्रवार, दुपार, लंबूच्या घरी

सकाळी दोघंही किनाऱ्यावर गेली आणि मी बस पकडली. शेजारच्या शिंपीणबाईंना सांगून आलो, "विचारलं तर सांगा, विमानाने गेलो नाही."

घाट चढताना खिडकीतून समुद्र मागे मागे गेला. एका वळणावर अख्खा दिसला, मग पुसला गेला. लहानपणी याच वाटेने सहलीला आलो होतो. गुरुजी पुढच्या बाकावर बसून पट्टी बसच्या पत्र्यावर वाजवत होते आणि आम्ही घसा फाडून गात होतो. आज बसमधल्या प्रत्येकाच्या कानात वायरी. एक तरणाताठा माणूस समुद्राकडे पाठ करून फोनवर समुद्राचा फोटो बघत होता. या लोकांना मरण आलं तरी आधी त्याचा फोटो काढतील.

शेवटच्या वळणांवर डावं कोपर दुखायला लागलं. रात्री हात अंगाखाली आला असणार. त्यात बसच्या खिडकीचा गार वारा. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, बरं वाटत नाही का?" म्हटलं, "तिकीट पूर्ण घेतलंय, बरं वाटायलाच पाहिजे."

लेकीचा फोन आला. चिडली आहे. "बाबा, सांगितलं होतं ना! काही होतंय का? सांधे? मुंग्या? अंगावर चट्टे?"

"ठणठणीत."

मागून जावईबापूंचा आवाज ऐकू आला: "कालच्या दुसऱ्या डुबकीत तळाशी फार वेळ नव्हते, जास्त वेळ पाच मीटरवरच होते. नशीब. लक्ष ठेवायला सांग."

नशीब म्हणे.

शुक्रवार, संध्याकाळ

जमलो. उरलेले सगळे एका सोफ्यावर आणि तीन खुर्च्यांत मावले. बँकेतला निवृत्त मॅनेजर, जो वर्गात खडू खायचा. पोस्टातली बाई, जिला आम्ही 'राणी' म्हणायचो आणि जी आता प्रत्येक वाक्यानंतर औषधाचं नाव घेते. आणि लंबू, जो आता माझ्यापेक्षा बुटका झाला आहे.

चहा झाला. मग 'नावाडी'. मी ठेका धरायचा ठरलं, गुरुजींसारखा. डाव्या हाताने टेबलावर. विचित्र गोष्ट अशी की बोटं टेबलावर पडत होती पण टेबल लागत नव्हतं. जाड मोजा घातल्यासारखं. लंबूची टेबलंही स्वस्तातली.

पहिली तीन कडवी झोकात झाली. पुढचं, माझ्या हिशोबाने शेवटून दुसरं कडवं मी सुरू केलं आणि बाकी सगळे भलतंच काहीतरी म्हणायला लागले. दोन अख्खी कडवी मध्ये घुसडली! मी थांबलो. ते थांबले नाहीत. राणी तर डोळे मिटून म्हणत होती:

*काठ दिसे तरि थांब जरासा,*
*श्वास निवू दे वल्ह्यांचाही;*
*घाई केली ज्याने, त्याला*
*काठ कधीही कळला नाही.*

मी म्हटलं, "हे कुठून आणलंत?"

"कुठून म्हणजे? पाचवं कडवं आहे," खडूखाऊ म्हणाला.

"नाही. कवितेला पाच कडवी. हे सहावं-सातवं कुठल्यातरी भेटकार्डावरून उचललंय. आमच्या गुरुजींनी असला उपदेश शिकवलाच नसता."

"अरे, याच कडव्याला गुरुजींनी तुला बाकावर उभं केलं होतं," लंबू म्हणाला. "घाईत गाळलंस म्हणून."

सगळे हसले. एक माणूस चुकला तर आठवणीचा दोष, सगळेच चुकले तर काय म्हणायचं? बहुमताने कविता होत नाहीत. मी विषय बदलला.

पण आता एकटा बसून म्हणून पाहतो आहे. तिसऱ्या कडव्यानंतर जिथे ते कडवं हवं तिथे माझ्याकडे काहीच नाही. खाच नाही, भोक नाही, डागसुद्धा नाही. गुळगुळीत. इतकं गुळगुळीत की मला क्षणभर भीती वाटली.

हे उगाच लिहिलं. दमलोय.

शनिवार, सकाळ

हात सुधारला नाही. कोपरापासून खांद्यापर्यंत आतून कोणीतरी पाना फिरवतंय. वहिनींनी, म्हणजे लंबूच्या बायकोने, गरम पिशवी दिली आणि मलम चोळलं, तर जास्तच ठणकलं. पोटावर लालसर जाळीदार चट्टा उठलाय. लंबूकडच्या पांघरुणाचा साबण.

चालताना डावीकडे झोक जातो. लंबूला म्हटलं, "गवंड्याने फसवलं तुला. लादी उतरती आहे."

त्याने लादीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

शनिवार, दुपार

उजव्या हाताने लिहितो आहे. डाव्यात पेन राहत नाही. अक्षर पहिलीतल्या पोराचं. गुरुजी असते तर खूश झाले असते, त्यांना डावखुरे आवडत नव्हते.

लेकीचा फोन आला. सकाळी पाण्यात उतरली होती, पिन आवळायला.

"बाबा, पिनीला तार कोणी बांधली?"

"पीळ बघ."

"बघितला. उलटा आहे."

"मग विचारतेस काय?"

"कधी बांधलीत?"

"तू वर गेल्यावर. नीट बांधली आहे ना?"

"पण तुमचा कॉम्प्युटर पाच मीटरवरच..."

"तो होता. मी नव्हतो." सांगताना मला चक्क मजा वाटत होती.

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खडखड ऐकू आली. मग जावईबापूंचा आवाज. नेहमीचं हसू नव्हतं त्यात.

"बाबा, हात कसा आहे?"

"कुठला हात?"

"तेच विचारतोय. कुठला?"

मी म्हटलं, "डावा."

"मुंग्या? बधिरपणा? चालताना तोल?"

"लादी उतरती आहे."

"बाबा, ही कळ आहे. तुम्हाला माहीत आहे ही कळ आहे."

मला राग आला. माझा शब्द मला शिकवतो! मी म्हटलं, "मला आयुष्यात कधी कळ आली नाही."

"बरं. नाही आली. पण आत्ता आडवे व्हा, उठू नका. थोडंथोडं पाणी प्या. शेक नको, चोळणं नको. आणि फोन लंबूकाकांना द्या."

लंबूने फोन कानाला लावला. तो ऐकत होता आणि मी त्याचं तोंड बघत होतो. वर्गात निकाल वाचताना जसं व्हायचं तसं झालं. फोन ठेवून त्याने गरम पिशवी उचलली आणि बाहेर भिरकावली. मग इथल्या दवाखान्यात धावला. परत येऊन म्हणाला, ऑक्सिजनची टाकी रिकामी, भरून सोमवारी येणार. बंदराच्या इस्पितळात दाबाची मोठी टाकी आहे, माणसाला आत झोपवून पुन्हा खोल पाण्याइतक्या दाबात नेतात आणि मग सावकाश वर आणतात. तिथे न्यायचं म्हणतात. पण तिथवर जाईपर्यंत ऑक्सिजन हवा.

"रुग्णवाहिका?"

"घाटात दरड आहे. मोठी गाडी निघत नाही. छोटी निघतेय, कशीबशी."

मी सगळा हिशोब केला. लेक येणार नाही. येऊच शकत नाही. सकाळी पाण्यात होती, तिच्या मनगटावर विमानाचं चित्र असणार, आणि ती माझ्यासारखी नाही, ती आईसारखी आहे. जावईबापूंचा प्रश्नच नाही. सुजलेल्या कानाने ज्याला जिना चढवत नाही तो घाट काय चढणार. आणि का चढावा? मी त्यांना या वहीत काय काय म्हटलंय ते त्यांनी वाचलं नसलं तरी माझ्या तोंडावर वाचलं असणारच.

वहिनी चमच्याने पाणी पाजतात. लंबू पलंगाशेजारी बसून आहे. त्याला म्हटलं, "ते पाचवं कडवं म्हण."

"आता कशाला?"

"म्हण रे. हळू म्हण. ठेका धर."

त्याने म्हटलं. दोन्ही कडवी म्हटली. मी डोळे मिटून ऐकली. चांगली आहेत, हे मान्य करायला हवं. लांबही आहेत. दांडी धरून म्हटली तर बराच वेळ जाईल.

शनिवार, त्यानंतर

पाय आता आपला वाटत नाही. उजव्या हाताने जेवढं होतं तेवढं लिहितो.

अंधार व्हायला अजून वेळ आहे. खिडकीतून घाटाचं तोंड दिसतं. धुकं. लंबू दर दोन मिनिटांनी खिडकीशी जातो आणि परत येऊन सांगतो, कोणी नाही. मी त्याला म्हटलं, "विमानाने येतील."

आता सारखं वाटतं गुरुजी दारात उभे आहेत. पट्टी घेऊन.

टक्. टक्. टक्-टक्.

खरंच वाजलं. दार. लंबू धावला.

जावईबापू.

खांद्यावर ऑक्सिजनचं सिलिंडर, दुसऱ्या हातात मुखवटा आणि नळी, बुटांना चिखल. दरडीपलीकडे गाडी ठेवून उरलेला चढ चालत आले. धापा टाकत आत आले, गुडघ्यावर बसले आणि माझ्या तोंडाशी मुखवटा धरून सिलिंडरची चावी फिरवायला लागले. म्हणाले, "वही ठेवा आता, बाबा. खाली उतरायचंय."

ठेवतो. एवढंच लिहून ठेवतो.

उजव्या कानात कापसाचा बोळा होता. सगळा लाल झालेला. गालावरून ओघळ मानेपर्यंत सुकलेला. मी गोदीत माणसांचे कान पाहिले आहेत. पडदा फाटल्यावर कसं दिसतं ते मला कोणी शिकवायला नको.

मुखवटा बाजूला करून मी विचारलं, "अहो, कान?"

त्यांना ऐकू आलं नाही.